वेळेचा पैरा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

धारा काढून हात धुतलेल्या, भाकरीचा तवा चुलीवर ठेवलेल्या, नाहीतर गटाच्या बैठकीला एकत्र बसून रेडिओ लावलेल्या तुम्हा सगळ्याजणींना आम्हा चौघींचा नमस्कार.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो. एक ग्रंथपाल, एक सहायक, एक लिपिक आणि एक शिपाई. शिपाई हे फक्त पगारपत्रकात. एरवी त्या आमच्या मावशी, आणि वयानं, अनुभवानं आमच्या सगळ्यांच्या वरच्या. आज माईकसमोर एकच जण बसली आहे, पण बोलणं चौघींचं आहे. काय सांगायचं ते आम्ही देवघेवीच्या टेबलाभोवती बसून ठरवून आलो आहोत.

रेडिओ केंद्रातल्या ताईंनी आम्हाला विषय दिला तो असा: पुस्तकांबद्दल नेहमीच बोलता, या वेळी स्वतःबद्दल बोला. काम सुटल्यावर तुम्ही काय करता? जीव रमवायला काय बघता, काय ऐकता? बाहेर खायचं झालं तर कुठं जाता? विषय सोपा वाटला. पण बोलायला बसलो तेव्हा चौघींच्याही तोंडून पहिलं वाक्य एकच निघालं: "फावला वेळ असतोय कुठं?" तेव्हा आधी त्या वेळेबद्दलच बोलू, मग नाटक, मिसळ आणि भेळ.

आमचं ग्रंथालय सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास उघडं असतं. लोकांना वाटतं, या बायका पंख्याखाली बसून गोष्टी वाचत असतील. प्रत्यक्षात नव्या पुस्तकांची दाखल नोंद असते, देवघेव असते, वर्गणीच्या पावत्या असतात, सुट्या झालेल्या पानांना खळ लावायची असते, वर्तमानपत्रांची रद्दी बांधायची असते. आणि मधल्या वेळात घर, जनावरं, शेत. आमच्यातल्या दोघींच्या घरी म्हशी आहेत. दूध संस्थेचं दूध सकाळ-संध्याकाळ घालायचं म्हणजे दिवसाची दोन्ही टोकं खुंटीला बांधलेली. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, ते घरोघरी जाऊन विचारलं. त्यात दिसलं ते असं: घरकाम करणारी बाई रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, आणि पुरुषाचा दीड तासाहून थोडा जास्त. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं यात धरलेलं नाही, त्याचा हिशोब वेगळा. आणि ज्या पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नाही, ते या सरासरीत आलेलेच नाहीत. तेव्हा "वेळ मिळत नाही" ही आपली तक्रार काही आळसातून आलेली नाही. आकडेच तसं सांगतात.

मग आम्ही काय करतो? इथं तुमचा बचत गटच कामाला येतो. गटात आपण पहिल्याच बैठकीत काय शिकलो? खर्च करून उरलं तर बचत, असं केलं तर कधीच बचत होत नाही. आधी शंभर रुपये बाजूला, मग राहिलेल्यात घर चालवायचं. वेळेचंही तसंच आहे. सगळी कामं झाल्यावर उरेल तो माझा वेळ, असं म्हणत बसलं तर तो वेळ साठीनंतरही येत नाही. आधी बाजूला काढायचा. आठवड्याचे दोन तास म्हणा, महिन्याचा एक दिवस म्हणा. थोडाच, पण नेमाचा.

आता एकेकीचं सांगतो.

आमच्या लिपिकबाई वाकळ शिवतात. जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या, आत मऊ धोतर, आणि कडेनं आतल्या बाजूला वळत जाणारा धावदोरा. तुम्ही म्हणाल, हे तर कामच झालं, करमणूक कसली? त्यांचं म्हणणं असं, की पावत्यांचे आकडे दिवसभर डोक्यात घोळत असतात, ते टाक्यांच्या रांगेनं शांत होतात. वाकळ शिवताना त्या आकाशवाणी सांगली लावतात. हाताला काम आणि कानाला गाणं. आणि एक नियम त्यांनी केला आहे: वर्षातली एक वाकळ कुणाच्या बाळंतपणाची नाही, लग्नाची नाही, स्वतःसाठी. तिच्यात आपल्याला आवडतील ते रंग.

आमच्या सहायकबाईंना वाचून दाखवायला आवडतं. मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मोठ्यानं. त्यांच्या गल्लीत हिवाळ्यात शेंगा फोडायला सात-आठ जणी एकत्र बसतात, तेव्हा त्या पुस्तक घेऊन जातात. त्यांच्या वाटणीच्या शेंगा बाकीच्या फोडतात, त्या वाचतात. सगळ्यात जास्त हशा होतो तो शंकर पाटलांच्या गोष्टींना. ते आपल्या जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. त्यांच्या गोष्टीतली माणसं बोलतात ती आपल्यासारखीच बोलतात, त्यामुळं 'धिंड' वाचताना कुणाला अर्थ सांगावा लागत नाही. कधी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' चालतं. त्यात हसूही आहे आणि डोळ्यांत पाणीही. वाचता न येणाऱ्या बाईलाही पुस्तक असं मिळतं, ही आम्हाला फार मोलाची गोष्ट वाटते.

ग्रंथपालबाईंना नाटकाचं वेड. त्याबद्दल पुढं सांगतो.

आणि मावशी. मावशींचा जीव दोन गोष्टींत. एक कुस्ती, दुसरी झिम्मा-फुगडी. त्यांचे वडील तालमीतले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी कोल्हापुरातलं खासबाग मैदान बघितलं. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली तयार झालेलं हे मैदान. मधे खोलात लाल मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती चितपट होताना दिसावी. मावशी मोठ्या झाल्या तसं मैदानावर जाणं बंद झालं, "पोरीचं काय काम तिथं" म्हणून. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. ग्रंथालयात आलेल्या वर्तमानपत्रातलं ते छायाचित्र मावशींनी आम्हाला दिवसभरात चार वेळा दाखवलं. मावशींची शाळा तिसरीत सुटली. पण रोज पेपर लावता लावता त्या मथळे वाचायला लागल्या, आणि आता कुस्तीची बातमी पूर्ण वाचतात, बोट ठेवून, सावकाश.

झिम्मा-फुगडीचं मात्र वेगळं झालं होतं. नागपंचमीला, गौरीच्या रात्रीला आपल्याकडं फेर धरतात, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, काटवटकणा, सगळे खेळ होतात. मावशी गाणं सांगायला उभ्या राहिल्या की बाकीच्यांना दम टाकायला उसंत मिळायची नाही, असं त्यांच्या वयाच्या बायका सांगतात. पण मावशींचे यजमान गेले, आणि त्या वर्षीपासून त्या फेराच्या बाहेर गेल्या. कुणी त्यांना "येऊ नको" म्हटलं नाही. बोलावलंही नाही. हळदीकुंकवाचं ताट आलं की त्या उठून आत जायच्या. एका बाईची करमणूक अशी बंद होते, आणि ती बंद झाली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी आमच्या वाचन कक्षात फळ्यावर लागली. कागदावर ठराव झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं बदलतं असं नाही, हे आम्हाला कळतं. पण त्या वर्षीच्या गौरीला आम्ही तिघी आणि गल्लीतल्या दोन सासवा मिळून मावशींच्या दारात गेलो आणि "गाणं सांगायला कुणी न्हाई, चला" एवढंच म्हटलं. मावशी पहिल्यांदा कडेला उभ्या राहिल्या. मग गाण्यातली एक ओळ एका पोरीनं चुकवली. ती दुरुस्त करायला म्हणून त्या आत आल्या, त्या पहाटेपर्यंत बाहेर गेल्या नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, करमणूक हा विषय आम्हाला हलका वाटत नाही. तुमच्या गटात, तुमच्या गल्लीत फेराच्या बाहेर कोण उभी आहे, हे एकदा बघा. ती आपणहून म्हणणार नाही. तिला बोलावायलाच लागतं.

आता नाटक-सिनेमाकडं येऊ. या बाबतीत आपण कोल्हापूरच्या बायका भाग्यवान. खासबाग मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी १९१५ साली नाट्यगृह बांधलं, पॅलेस थिएटर. पुढं त्याला नटवर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा कित्येक कोल्हापूरकर रस्त्यावर उभं राहून रडले. आमच्या ग्रंथपालबाईंनी पहिलं नाटक तिथंच बघितलं होतं. त्या म्हणतात, अंधारात बसून आपण दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघतो आणि घरी येताना आपल्या घरातलं भांडण जरा लांबून बघायला शिकतो. महागाचं तिकीट परवडत नसेल, तर सरकारची राज्य नाट्य स्पर्धा असते. त्यात हौशी मंडळी नाटकं करतात, तिकीट अगदी थोडं असतं आणि कोल्हापूर केंद्रावर प्रयोग होतात. वर्तमानपत्रात वेळापत्रक येतं. ते आम्ही कापून फळ्यावर लावतो. तुमच्या गावच्या वाचनालयालाही तसं लावायला सांगा.

सिनेमाचं म्हणाल तर कोल्हापूर ही मराठी सिनेमाची जन्मभूमीच म्हणायची. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके या पुरुषानं ते केलं. पुढं १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि तिनं १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. तीच हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट. त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांत एवढा फरक पडला. पडद्यावर उभं राहायलाही बाईला वेळ लागला, तर पडद्यासमोर खुर्चीत एकटीनं बसायला लागतोय यात नवल नाही. आमच्या सहायकबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवरा-मुलांशिवाय सिनेमा बघितला तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आम्हा तिघींबरोबर. त्यांना गोष्टीपेक्षा जास्त काय लक्षात राहिलं? मध्यंतरात कुणासाठीही काही आणायला उठावं लागलं नाही, हे.

आता खाण्याचं. ताईंनी खास विचारलं आहे, तेव्हा मन लावून सांगतो.

बाहेर खायला बसणं हे चार बायकांना सोपं नसतं. आम्ही पहिल्यांदा चौघीच एका हॉटेलात शिरलो, तेव्हा वाढणाऱ्या पोरानं पाण्याचे पेले ठेवले आणि विचारलं, "मागनं कोण येणार हाय का?" मावशी म्हणाल्या, "कोण न्हाई बाळा. आमीच आलोय. मिसळ आण." गावात परतल्यावर कुणीतरी बोललंच, बायका हॉटेलात बसायला लागल्या म्हणून. लिपिकबाईंनी सांगितलं, "पैसे आमचे, भूकबी आमची." त्यानंतर तो विषय फारसा निघाला नाही.

मिसळीचं सांगायचं तर कोल्हापूरची मिसळ म्हणजे मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर, आणि त्यावर लालभडक कट. सोबत पावाचे काप. तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा, आपल्या हातानं हवा तेवढा घाला. रस्सा संपला तर बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, मागायला लाजू नका. उद्यमनगरातली फडतरे मिसळ नावाजलेली. पण मिसळ हे सकाळचं खाणं, उशिरा गेलात तर संपलेली असते.

खासबाग मैदानाजवळची राजाभाऊंची भेळ ही सहायकबाईंची आवड. चुरमुरे, फरसाण, चिंचेचं पाणी, कच्ची कैरी मिळाली तर तीही. उभ्या उभ्या खायची आणि हात झटकून चालू लागायचं. घरी नेण्यासाठी भडंग. लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता घालून केलेलं भडंग आठ-दहा दिवस कुरकुरीत राहतं, डबा घट्ट लावला तर.

लिपिकबाईंना आवडतो गंगावेशीतला दूध कट्टा. तिथं म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळतं दूध पेल्यातनं देतात. आम्ही म्हटलं, घरात दोन म्हशी असताना विकतचं दूध कशाला? त्या म्हणाल्या, "घरचं दूध संस्थेला जातंय, नाहीतर पोरांना. धार दुसऱ्यानं काढायची आणि पेला माझ्या हातात द्यायचा, हे सुख मला घरात कुठलं?" यावर आम्ही काही बोललो नाही. तुम्हीही विचार करून बघा. आपल्याच गोठ्यातलं दूध पेलाभर स्वतःसाठी ओतून घेऊन, बसून, शेवटचं कधी प्यायलात?

मटण खाणाऱ्यांसाठी तांबडा-पांढरा रस्सा आहेच. त्याबद्दल मावशींचं मत असं, की खानावळीतला रस्सा चांगला असतो, पण घरच्या सुक्क्या मटणाची सर त्याला नाही. तरीही त्या खानावळीत आवडीनं जातात. कारण सांगतात, "गरम भाकरी कुणीतरी माज्या ताटात वाढतंय. मी वाढपी न्हाई, मी जेवणारी." पंगतीत शेवटी बसून गार भाकरी खाल्लेल्या बाईला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गटानं जायचं ठरवलं तर काही साध्या गोष्टी सांभाळा. एक, जागा निवडताना चवीआधी शौचालय विचारा. स्वच्छ शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता फिरणं हा अंगावर काढलेला त्रासच आहे. दोन, बसल्या बसल्या भाव बघा, म्हणजे शेवटी हिशोबाला घाम फुटत नाही. तीन, वर्गणी आधी गोळा करा आणि एकीच्या हातात द्या. गटाच्या बचतीतनं नको, ती कर्जासाठी आहे, सहलीची डबी वेगळी ठेवा. चार, जेवणाच्या गर्दीच्या थोडं आधी जा, म्हणजे निवांत बसू देतात.

आमचा वर्षातला ठरलेला एक दिवस असा असतो. सकाळची धार झाली की पहिली एसटी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्यामुळं चौघींचा प्रवास दोघींच्या पैशांत होतो. उतरल्यावर आधी मिसळ. मग अंबाबाईचं दर्शन. देवळातनं निघून भवानी मंडपातनं चालत टाऊन हॉलच्या बागेत. तिथल्या संग्रहालयात एक छोटी कांस्याची मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात ती सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या गावाचा समुद्रापलीकडच्या रोमशी व्यापार होता, त्याची ती खूण. मावशी पहिल्यांदा ती बघून म्हणाल्या, "ह्यो एवढ्या लांबनं आला, आणि आपुण तासाभराच्या वाटंवर असून आज बघतोय." दुपारी बागेतल्या झाडाखाली घरून आणलेली भाकरी आणि ठेचा. मग खासबागेकडं भेळ, आणि उन्हं कलली की रंकाळ्याचा काठ. पाण्याकडं बघत अर्धा तास कुणीच काही बोलायचं नाही, हा आमचा नियम. मावशींना तो पाळायला जड जातो.

आता तुम्ही विचाराल, संध्याकाळच्या धारेचं काय? पोरांचं काय? सासूबाईंच्या गोळ्यांचं काय? बरोबर आहे. खरी अडचण पैशांची नसतेच, ती इथं असते. आणि याचं उत्तर आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, शेतात मिळालं. भांगलण, लावण, सोंगणी आपण पैऱ्यानं करतो की नाही? आज सगळ्याजणी माझ्या शेतात, उद्या सगळ्याजणी तुझ्या शेतात. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पैरा फेडायचा. मग वेळेचा पैरा का करू नये?

आम्ही तो सुरू केला. आमच्या ओळखीच्या दोन गटांत मिळून बावीस जणी आहेत. एक गट सहलीला किंवा नाटकाला गेला, की त्या दिवशी दुसऱ्या गटातल्या बायका त्यांच्या गोठ्याकडं बघतात, दूध घालतात, शाळेतनं आलेल्या पोरांना जेवायला देतात. पुढच्या महिन्यात उलट. वहीत लिहून ठेवायचं, कुणी कुणाची धार काढली, कुणाचा पैरा फेडायचा राहिला. म्हशीला नवा हात चालत नाही म्हणून सुरुवातीला दोन-चार दिवस शेजारणीला बरोबर घेऊन बसावं लागलं. एकदोघींच्या घरी मालकच म्हणाले, "आमी काय हाताला मेंदी लावलीया काय? काढतो की धार." त्यांनाही वहीत जागा दिली. नऊ महिने झाले, अजून चालू आहे. मधे ऊसतोडीच्या दिवसांत दोन पाळ्या बुडाल्या, त्या पुढं ढकलल्या. गटाच्या बैठकीत पाच मिनिटं वेळेच्या वहीला द्यायची, एवढंच करावं लागतं.

आमच्या ग्रंथालयाच्या परीक्षेत एक नाव हमखास विचारतात, डॉ. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकात मांडले. त्यातला चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. म्हणजे पुस्तकं अशी लावा की माणसाला शोधत बसायला लागू नये. तो नियम आम्ही पाठ केला, तेव्हा वाचकाचा वेळ म्हणजे चष्मा लावून आरामखुर्चीत बसलेल्या गृहस्थांचा वेळ, असं आमच्या डोळ्यांसमोर यायचं. आता डोक्यावर वैरणीचा भारा आणि कमरेला किल्ली लावून, "दोन मिनिटं हायत, चांगलं पुस्तक द्या" म्हणणारी बाई येते. तिच्यासाठी आम्ही दारातल्या पहिल्या कपाटात वेगळा कप्पा केला आहे. लहान गोष्टी, मोठा टाइप, हलकी पुस्तकं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'ही तिथंच आहे, त्याची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. सरोजिनी बाबरांनी गोळा केलेली बायकांची गाणी आणि ओव्याही तिथंच. त्या वाचून मावशी म्हणतात, "ही तर आमचीच." आणि आम्हाला नवीन गाणी लिहून देतात.

तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक वाचनालय असेलच. महाराष्ट्रात १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना त्याखाली सरकारी अनुदान मिळतं. तिथल्या वाचन कक्षात बसून पेपर, मासिक वाचायचं झालं तर आत जा आणि बसा. पुस्तक घरी न्यायचं तर थोडी अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हावं लागतं. सभासद होताना नाव स्वतःचं घाला, मालकांच्या किंवा मुलाच्या खात्यावर नको. अनामत परत मिळते, पावती जपून ठेवा. बायकांसाठी वेगळी बसायची जागा नसेल तर मागा. वेळ सोयीची नसेल तर चार-पाच जणी मिळून अर्ज द्या, दुपारी एक तास उघडायला सांगा. आमच्याकडं असा अर्ज आला, आणि गुरुवारची दुपार बायकांची झाली.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. बचतीचे पैसे मोजून झाले की एक कोरी वही काढा. प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची: जी करायला मला आवडतं आणि जी मी बऱ्याच वर्षांत केली नाही. पोहणं असेल, गाणं असेल, पत्ते असतील, दुपारी पाय पसरून झोपणंही असेल. हसू नका, लिहून घ्या. मग त्यातल्या एकीची पाळी पहिली लावा आणि तिची धार कोण काढणार, ते तिथंच ठरवा.

काय ठरलं ते आम्हाला रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर कळवा. आणि कधी आमच्या गावाकडं आलात तर संध्याकाळी ग्रंथालयात या. मावशी चहा करतात, पण पेले विसळायला मात्र तुम्हालाच लागतील, कारण आमच्याकडं चहाचाही पैरा आहे.